सालीला कान लावणारे साहेब

"शू! आत कोणीतरी आहे."

भाईंदरच्या बंदरावर पडावातून ओंडका उतरला, की साहेब छत्रीच्या मुठीने त्यावर टकटक करत, साल सुटली असेल तिथे कान लावत आणि हे वाक्य उच्चारत. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ती वर्षं. मी तिथल्या लाकडाच्या वखारीत कारकून होतो, साहेब सरकारी कीड-तपासनीस. बाहेरच्या लाकडाबरोबर कीड येऊ नये म्हणून किडकी साल जागीच नष्ट करायची, हा नियम. नियम वाईट नव्हता. तो साहेबांच्या हाती पडला, एवढंच.

संशयित मालाभोवती ते सुंभाची दोरी बांधत. "ही सरकारी हद्द!" दुपारपर्यंत कोळणी त्या हद्दीवर बोंबील वाळत घालत. साहेब ते उतरवायला लावत. पण आधी प्रत्येक बोंबील निरखून पाहत. तोवर माझं गिऱ्हाईक वसईला निघून गेलेलं असे.

एकदा उत्तनच्या मार्थाबाईने मागवलेली ऐनाची साल अडकली. ही साल उकळून कोळी त्या काढ्यात जाळी बुडवतात. नाहीतर खाऱ्या पाण्यात सूत कुजतं. तिच्या मुलांच्या होड्या दोन दिवसांत निघायच्या होत्या, आणि साहेब साल जाळायला काडेपेटी मागत होते. तीही माझ्याकडे!

मार्थाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सायबा, कान लावून काय ऐकतंस? पोटुशी हाय काय ती?"

"बाई, नियम आहे. नष्ट करायची."

"मंग उकळल्यावर किडा जित्ता ऱ्हातो काय?"

साहेब विचारात पडले. मी कपाळाला हात लावला. त्यांचा विचार दिवस मावळेपर्यंत चालत असे. अखेर म्हणाले, "उकळी माझ्यासमक्ष आली पाहिजे."

बंदरावरच चूल मांडली. साहेब धुरात डोळे पुसत हंड्याशी बसून राहिले. पाणी लाल झालं, खदखदलं आणि एक भुंगेरा वर तरंगला. साहेबांनी हॅट काढली.

"बिचारा," ते म्हणाले. "याला नियम कुणी सांगितलाच नाही."

जाळी रंगली, होड्या गेल्या. पुढे दर हंगामाला हंडा बंदरावरच चढे. साहेबांची खुर्ची नेमकी धुरात मांडली जाई, मार्थाबाईच मांडी.

लढाई सुरू झाली आणि साहेबांची बदली झाली. नवे तपासनीस सायकलवरून न उतरताच माल सोडत. सुटलो बुवा, असं मी सगळ्यांना सांगत असे.

मार्थाबाई मात्र हंड्यात टाकण्याआधी सालीचा एक तुकडा चुलीच्या दगडावर आपटी आणि कानाशी धरी.

"सायबा, कोन न्हाय आत," म्हणे, आणि मगच टाकी.