शिळेवरचं नाव

विजयाताईंनी सुरतेतल्या मराठी मंडळाकडे एकच गोष्ट मागितली होती. पुतळा कसा असावा, पाहुणे कोण असावेत, कशातही त्यांनी तोंड घातलं नाही. एकाहत्तरच्या युद्धात लढाऊ विमानासकट पडलेल्या त्यांच्या भावाचं, श्रीकांतचं, स्मारक पर्वत पाटियाच्या चौकात होतंय म्हटल्यावर त्यांनी मंडळाच्या सेक्रेटरीला, सौरभला, घरी बोलावलं, चहा पाजला आणि सांगितलं, "शिळेवर आईचं नाव हवं. सरस्वती."

"झालंच समजा, मावशी," सौरभ म्हणाला.

ही सरस्वती कोण, हे आता सुरतेत फारसं कुणाला ठाऊक नाही. श्रीकांत आठ वर्षांचा आणि विजया तीन वर्षांची असताना त्यांचे वडील, गणपतराव कोठावदे, घरातून उठले आणि रांदेरला दुसरं बिऱ्हाड थाटून बसले. गावातल्या गावात. मधे एक तापी नदी आणि तिच्यावरचा पूल, एवढंच अंतर. पण तो पूल ओलांडून पोरं जेवली का हे बघायला हा माणूस कधी आला नाही. सरस्वतीबाई लोकांच्या साड्यांवर जर आणि टिकल्या लावायच्या. त्यात डोळे अधू झाले, मग जोडीला दोन घरचा स्वयंपाक धरला. तेवढ्यावर पोरगा शिकला, विमानदलात गेला, आणि पोरगी शाळेत मास्तरीण झाली. श्रीकांत सुटीवर आला की आईच्या हातातली सुई काढून घ्यायचा आणि स्वतः दोरा ओवून परत द्यायचा. पैलवानासारखे खांदे होते त्याचे, पण दोरा एका झटक्यात ओवायचा.

तो गेला तेव्हा गावानं शोकसभा भरवली. गणपतराव आले. पांढरं धोतर, डोळ्याला रुमाल. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसले, लोकांनी सांत्वन केलं तेही त्यांचंच, आणि सरस्वतीबाई आत पाहुण्यांसाठी चहा गाळत होत्या. विजया बाहेर जायला ताडकन उठली होती. आईनं मनगट धरलं. "माझ्या पोराच्या नावानं तमाशा नको," एवढंच ती म्हणाली, आणि पुढे चहाच गाळत राहिली.

आपल्याकडे माणसाचं नाव लिहायचं म्हणजे मधे बापाचं आलंच. बाप घरात असो, पळून गेलेला असो, मधली जागा त्याचीच. कुणी विचारत नाही, कुणाला काही वाटतही नाही. त्यातून या स्मारकाचा खर्च उचलला होता प्रवीणनं. हा रांदेरच्या बिऱ्हाडातला मुलगा, गणपतरावांचा, आता मोठा बिल्डर. शिळेवरचा मजकूर त्यानंच दिला आणि सौरभनं तो डोळे झाकून कारागिराकडे पाठवला.

समारंभाला विजयाताई इस्त्रीची साडी नेसून आल्या. चौकात मांडव, रिक्षांचा कलकलाट, मंडळाच्या बायका फेट्यात. शिळेवर साटीनचा पडदा होता आणि त्याची दोरी विजयाताईंच्या हातात दिली होती. त्यांनी ती ओढली. टाळ्या झाल्या. त्यांनी वाचलं: फ्लाइंग ऑफिसर श्रीकांत गणपत कोठावदे. आणि खाली, सोनेरी अक्षरांत: पिता कै. गणपतराव यांच्या संस्कारांत घडलेला वीर.

त्यांनी पुन्हा वाचलं. आईचं नाव नव्हतं.

संस्कार! कुठले संस्कार? पोरांना टाकून जाण्याचे? विजयाताईंच्या अंगाची लाही लाही झाली. तिकडे माईकवर सौरभ सांगत होता की असा पुत्र देशाला देणाऱ्या पित्याचा सन्मान त्यांचे चिरंजीव प्रवीणभाई स्वीकारतील, आणि प्रवीण शाल-श्रीफळ घ्यायला पुढे झुकलाही होता.

विजयाताईंनी दोरीचा दुसरा पदर धरला आणि पडदा परत ओढून घेतला. शिळा झाकली गेली. टाळ्या वाजता वाजता विरल्या. त्यांनी दोरीला गाठ मारली आणि शिळेला पाठ लावून उभ्या राहिल्या.

प्रवीण शाल तशीच हातात घेऊन जवळ आला. "ताई, बधा जुए छे. सगळे बघतायत. घरात बसून बोलू ना."

"घरात बसून पन्नास वर्षं झाली, प्रवीण. तुझ्यावर माझा राग नाही, तू तेव्हा पोर होतास. पण त्या माणसानं माझ्या भावाला एक पाटी-पेन्सिल घेऊन दिली नाही. ते वाक्य खोटं आहे, आणि खोट्यावर मी पडदा उघडणार नाही."

"ताई, ते माझेही वडील होते."

"होते ना. तुला वाढवलं त्यांनी. तुझ्या बंगल्यावर लाव त्यांचं नाव, मी येऊन हार घालीन. इथं नाही."

प्रवीणनं शालीची घडी घालून ती काखेत धरली. पाहुण्यांनी घड्याळं बघितली. मांडवातून कुणीतरी कुजबुजलं की म्हातारीला उन्हाचा त्रास झाला असेल, तशी विजयाताईंनी त्या दिशेला नुसतं बघितलं आणि कुजबुज थांबली. सौरभ माईक बंद करून घाईघाईनं आला. कपाळावर घाम, हातात मोबाइल.

"मावशी, चूक झाली. नवी शिळा करू. आत्ताच कारागिराला कळवतो. आईंचं पूर्ण नाव सांगा. सरस्वती गणपतराव..."

"थांब," विजयाताई म्हणाल्या. "पुन्हा त्याचं नाव कशाला?"

सौरभचा अंगठा मोबाइलवर अडून राहिला. "मग काय लिहू?"

"सरस्वती. श्रीकांतची आई. तिनं वाढवला. एवढं लिही."