नागावच्या ओटीवरचा युरोप

होमस्टे चालवणाऱ्या बाईकडे दोन गोष्टींचा ढीग साचतो. एक नारळाच्या सोडणांचा आणि दुसरा किश्शांचा. सोडणं निदान बंबात घालता येतात. किश्शांचं काय करायचं? म्हणून सांगून टाकते.

शनिवार-रविवारी आमच्या नागावच्या घरात पर्यटकांची झुंबड असते. मंगळवारी चिटपाखरू नसतं. त्या रिकाम्या मंगळवारी आमच्या ओटीवर मार्टिन सर युरोपियन म्युझिकचा क्लास घेतात. सर मूळचे कोर्लईचे. उभं आयुष्य मुंबईच्या स्टुडिओंमध्ये व्हायोला वाजवला. "व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. घर तोच चालवतो, फोटोत मात्र दिसत नाही," असं ते स्वतःच सांगतात.

विद्यार्थी कोण? लग्नात वाजवणाऱ्या ब्रास बँडचा मालक दामू, तो कॉर्नेट, म्हणजे छोटा ट्रम्पेट वाजवतो. त्याचा मोठा ढोलवाला बाळाराम. बाकीची बँडची मंडळी सीझनप्रमाणे येतात-जातात. किहीमला कॉटेज बांधून राहिलेले रिटायर्ड गुप्ते, ज्यांच्याकडे भिंतभर सीडी आहेत आणि प्रत्येक सीडीवर एक मत आहे. आणि मी, कारण चहा माझा!

दामू क्लासला का येतो? म्हणे बँडला क्लास यायला हवा. पण त्याचं खरं दुखणं सगळ्यांना पाठ आहे. लग्नात पंगती उठेपर्यंत बँडने वाजवायचं आणि शेवटी मांडवामागे, टोपांच्या शेजारी बसून जेवायचं. तोवर भात खरवडायला आलेला आणि जिलेबीचा नुसता पाक उरलेला.

"वैनी, एकदा तरी पावण्यांच्या पंगतीत बसून जिलेबी खायची हाय," दामू म्हणतो. "गरम!"

*

पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "आधी सगळ्यांनी एका सुरात वाद्यं लावायची. ऑर्केस्ट्रात एक वाद्य सूर देतं, बाकीचे त्याला जुळवतात."

पण सूर द्यायचा कुणी? सरांचा सूर धरायचा काटा कोर्लईला राहिलेला. तेवढ्यात आत माझा मिक्सर सुरू झाला. सरांनी कान टवकारले. "वहिनी, बंद करू नका! एकदम स्टेडी नोट आहे!"

मग काय, चटणी वाटतेय आणि ओटीवर सगळे मिक्सरला जुळवून घेतायत. गुप्ते डोळे मिटून मान डोलवत होते. चांगला घोटून सूर लागला आणि लाइट गेली.

बाळाराम ओरडला, "सर, युरोप गेला!"

*

दुसरा धडा 'रेस्ट'चा. म्हणजे न वाजवण्याची खूण. किती वेळ गप्प बसायचं, तेही युरोपात लिहून ठेवतात.

बाळारामला हे पटेना. "न वाजवायचं पन शिकायचं?"

"तेच तर कठीण असतं," सर म्हणाले.

बाळाराम प्रामाणिक माणूस. पुढच्याच लग्नात त्याने मनातल्या मनात मोजत अख्खी रेस्ट पाळली. झालं! ढोलवाल्याला झटका आला असं वाटून नवऱ्याचा मामा नाचायचा थांबला. कुणी पाणी आणलं, कुणी कांदा. मुलीकडच्या एका काकूने तर त्याच्या छातीला बाम चोळायला घेतला.

तेव्हापासून बाळाराम रेस्ट पाळतो, पण टिपरू हवेतल्या हवेत मारत राहतो. ढोलाला लावत नाही. यजमानाचं समाधान होतं आणि युरोपचंही!

*

रिपीटची खूण मला फार आवडते. ओळीच्या शेवटी दोन ठिपके असतात. ते दिसले की मागे जायचं आणि सगळं परत वाजवायचं.

दामूला ती दोन ठिपक्यांची जोडी बघवत नाही. "सर, आमच्या वरातीत हे ठिपके नवऱ्याचे दोस्त असतात. दाराशी पोचलो की बोलतात, मागं चला!"

"पण इथे लिहिलंय ना बाबा."

"लिहिलेलं असू दे. एक रिपीट घेतला की एक पंगत उठते."

सर समजावून थकले. गुप्त्यांनी रागाने लाल पेनाने ठिपके मोठे करून दिले. दामू तरीही सरळ पुढे. त्या ठिपक्यांवरून तो असा निघून जातो, जसं रस्त्यात उधारीवाला भेटला की आपण मोबाइल काढून बोलत पुढे जातो.

*

सिंफनी ऐकण्याचा दिवस गुप्त्यांचा. त्यांनी स्पीकर आणले, आम्हाला ओळीने बसवलं आणि ताकीद दिली. "चार भाग आहेत. मध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत. वाहवा नाही, क्या बात नाही, खोकला नाही. युरोपात लोक वळून बघतात!"

"मंग संपलं कसं कळायचं?" बाळारामने विचारलं.

"मी टाळी वाजवेन तेव्हा वाजवा."

आम्ही शाळेतल्या पोरांसारखे बसलो. पहिला भाग झाला, दुसरा झाला. बाळारामने एक शिंक जिवावर उदार होऊन गिळली. तिसरा भाग असा काही धडाक्यात संपला की गुप्त्यांनी जोरात टाळी वाजवली. पाठोपाठ आम्ही कडकडाट केला. दामूने तर शिट्टी मारली.

आणि स्पीकरमधून चौथा भाग हळूच सुरू झाला.

सगळे गुप्त्यांकडे वळून बघायला लागले, अगदी युरोपात बघतात तसे. गुप्त्यांनी तळहात न्याहाळला आणि गंभीरपणे म्हणाले, "डास होता."

*

ऑपेराचं एकच सांगते. नायिकेला क्षय झालेला, डॉक्टरने आशा सोडलेली. आणि ही बाई अंथरुणात उठून बसते आणि माझा कुकर चढवून, उतरवून, आमटीला फोडणी देऊन होईपर्यंत गाते!

"युरोपियन साहित्यात त्या काळी मृत्यूला फार सौंदर्य होतं," गुप्ते हळवे होऊन म्हणाले. "प्रेम, विरह, क्षय. कादंबऱ्यांमध्येही तेच, कवितांमध्येही तेच."

बाळाराम विचार करून म्हणाला, "हिला आमच्या बँडमधी घ्या. मरताना एवढा दम, तर धडधाकट असती तर काय केलं असतं!"

गुप्ते त्या दिवशी चहा न पिता गेले.

*

एका मंगळवारी मात्र आमची मस्करी मध्येच थांबली.

सर इतिहास सांगत होते. जुन्या काळी तिकडे संगीतकार म्हणजे सरदार-दरकदारांच्या घरचा नोकर. अंगावर मालकाने दिलेला गणवेश. मालक जेवायला बसला की त्याने उभं राहून वाजवायचं. आणि त्याचं पान कुठे? मुदपाकखान्यात, आचारी आणि गाडीवानांबरोबर.

दामूचा लाल कोट खुंटीला लटकत होता, सोनेरी झालरीचा. तो त्याच्याकडे बघत म्हणाला, "एवढं मोठं म्युझिक लिवणारी मानसं, आनि टोपाशेजारी?"

"हो."

"मंग सुटली कशी?"

"पुढे नोकऱ्या सोडल्या. स्वतंत्र झाले. लोक त्यांना जीनियस म्हणायला लागले."

"आनि जेवाला?"

सर हसले. "काही जण उपाशी राहिले."

दामू पुन्हा कोटाकडे बघायला लागला. मला एकदम भरून आलं, खोटं कशाला बोलू. मी त्याला आणखी चहा दिला, दुसरं काय देणार!

मग सरांनी एक गंमत सांगितली. एका दरबारातल्या वादकांना मालक घरीच जाऊ देईना. तेव्हा त्यांच्या म्होरक्याने असं एक म्युझिक लिहिलं की शेवटाकडे एकेक वादक आपलं संपवतो आणि उठून जातो. मालक काय ते समजला.

दामूने चहाची बशी खाली ठेवली. "सर, आमच्यासाठी असंच कायतरी लिवाल?"

*

संधी जितूशेठनी दिली. शेठ पेणकडचे, पूर्वी मिठागरं होती, आता ट्रकांचा ताफा. मुलीचं लग्न नागावच्या एका लॉनवर, भर दुपारचं. त्यांनी कुठल्याशा मोठ्या हॉटेलात जेवताना व्हायोलिनं ऐकली होती. "पंगतीला तसंच सॉफ्ट इंग्लिश पायजे," त्यांनी दामूला सांगितलं.

सरांनी लिहून दिलं आणि गुप्त्यांनी सवयीने त्यातलेही शेवटचे दोन ठिपके लाल पेनाने मोठे केले. आता भांडण एकच, आधी कोण सुटणार आणि शेवटी कोण राहणार? सर म्हणाले, ढोल सगळ्यात आधी. त्या क्षणी बाळाराम युरोपच्या प्रेमात पडला. आणि शेवटी म्होरक्या, म्हणजे दामू. दामूचं तोंड उतरलं, पण मालक तोच, बोलणार कुणाला!

लग्नाच्या दिवशी गुप्ते, सर आणि मी पाहुण्यांत होतो. पहिली पंगत बसली. बँड इतका हळू वाजवत होता की पापड मोडल्याचा आवाज यावा. थोड्या वेळाने बाळारामने टिपरू खुर्चीवर ठेवलं, कोट नीट केला आणि सरळ पंगतीत जाऊन मांडी ठोकली. वाढप्याने सवयीने पान वाढलं. मग तुतारीवाला उठला. मग झांजवाला.

जितूशेठ धावत आमच्याकडे आले. "सर, मानसं चालली कुठं?"

"असंच लिहिलंय," सर म्हणाले.

शेठचा चेहरा तापायला लागला, तेव्हा गुप्ते मध्ये पडले. "शेठ, हे फार वरचं क्लासिकल आहे. यजमान तेवढा मोठा असेल तरच वाजवतात."

शेठ थबकले. मग वळून त्यांनीच पंगतीला दटावलं, "ए, गप बसा रे! ऐका जरा!"

एकेक लाल कोट पंगतीत जाऊन बसला. शेवटी दामू एकटा उरला. काय वाजवलं हो त्याने! इतकी वर्षं ढोल-झांजांच्या गदारोळात त्याचा कॉर्नेट आम्हाला कधी ऐकूच आला नव्हता. वाढपी हातात पळी धरून उभे राहिले. नवरीची आई पदराने डोळे टिपत होती. फक्त पंगतीतून बाळाराम तोंडात जिलेबी असताना ओरडला, "वन्स मोर!"

जितूशेठ गुप्त्यांच्या कानाशी लागले. "हा एकलाच ऱ्हायला. आता पुढं काय असतं?"

गुप्ते, ज्यांनी मी सांगितलेल्या एका सिंफनीच्या चुकीच्या तारखेवरून माझ्याशी महिनाभर अबोला धरला होता, ते गुप्ते न अडखळता म्हणाले, "आता यजमान स्वतः ताट वाढून आणतो. आणि संपेपर्यंत समोर उभा राहतो."

शेठनी ताट वाढलं. वरण, भात, बटाट्याची भाजी आणि कढईतून त्याच मिनिटाला काढलेल्या जिलेब्या. फेटा सावरून ते दामूच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले, दोन्ही हातांत ताट धरून.

दामूने कॉर्नेटवरून ताटाकडे बघितलं. मग शेठकडे बघितलं. समोरच्या कागदावरची ओळ संपत आली होती. ओळीच्या टोकाला गुप्त्यांनी लाल पेनाने मोठे केलेले ते दोन ठिपके होते.

दामू मागे गेला आणि सगळं परत पहिल्यापासून वाजवायला लागला.