चार आटे

टायरच्या दुकानात त्याला सगळे मोजमाप्या म्हणायचे. बाकीचे कारागीर नजरेने अंदाज घ्यायचे, हा मात्र पट्टी घेऊन चाकाशेजारी उकिडवा बसायचा. "लग्नाची मुलगीपण पट्टीनेच पाहिली असशील," अशी चेष्टा व्हायची. तो हसायचा आणि पुन्हा मोजायचा. बावीस वर्षांत त्याने बसवलेलं एकही चाक सुटलं नव्हतं.

थांबायला हवं होतं तिथे तो एकदाच थांबला नाही. थोरल्या बहिणीच्या नवऱ्यासाठी.

भाऊजींनी जुनी गाडी घेतली होती. रिम कंपनीच्याच ठेवून त्यांना रुंद, रुबाबदार टायर हवे होते. टायर चढवले, पण स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचे दोन्ही आतून घासायचे. चाक जरा बाहेर सरकवायचं तर मागे स्पेसर, म्हणजे धातूची जाड चकती घालावी लागते. भाऊजी ती पिशवीतून घेऊनच आले होते. मोजमाप्याने लावून पाहिली. चकतीनेच बोल्टची बरीच लांबी खाल्ली. नट जेमतेम चार आट्यांवर बसत होता.

"भाऊजी, हे नाही जमायचं. निदान सात आटे तरी धरले पाहिजेत. लांब बोल्ट मागवतो, चार दिवस थांबा."

"अरे, घरचा माणूस असून एवढे आढेवेढे? आवळ घट्ट, काही होत नाही."

दुकानात चार गिऱ्हाइकं बघत होती. भाऊजींचा शब्द मोडायचा कसा, म्हणून त्याने आवळले.

नवव्या दिवशी वळणावर पुढचं चाक निखळलं आणि गाडी कठड्यावर आदळली. भाऊजींचा जीव वाचला, पण उजव्या गुडघ्याचा चुरा झाला.

"जुनी गाडी होती, मोडली," दुकानाचा मालक म्हणाला. "तू कशाला तोंड उघडतोस?"

मोजमाप्या हॉस्पिटलात गेला. ताई बाकावर बसली होती, मांडीवर नवऱ्याचा फाटका शर्ट. तो तिच्यासमोर उभा राहिला.

"ताई, आटे कमी पडतायत हे मला दिसत होतं. तरी मी चाक बसवलं."

ताईने शर्टाची घडी घातली. मग म्हणाली, "तू जा इथून."

दीड वर्ष तिने त्याच्याशी अबोला धरला. तो दर रविवारी जायचा, भाऊजींना व्यायाम करवायचा, आणि ताई स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही. एकदा पाय वाकवता वाकवता भाऊजी म्हणाले, "सोड ना आता. हट्ट माझाच होता."

"हट्ट तुमचा होता भाऊजी. पाना माझ्या हातात होता."

भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

त्या दिवशी तो चपला घालत असताना ताई दारात आली. तिचे केस कानशिलांवर पांढरे झाले होते. त्याला ते कळलंच नव्हतं.

"जेवून जा," ती म्हणाली.

तो आत गेला. तिघंही जेवायला बसली. ताईने न विचारता त्याला दुसऱ्यांदा भात वाढला, आणि त्याने तो शेवटच्या शितापर्यंत संपवला.