ते वाक्य मी टाइप केलं नाही

जवळ सरक बाय. कागदावरून बोलतेय, तरी जवळ सरक, आणि तो मोबाइल जरा पालथा घाल. परवा फोनवर काय तोऱ्यात म्हणालीस, "काकी, आमची ई-मेलची यादी डॉक्टरांपुरती बंदच बरी. कोणाला आत घ्यायचं ते आता मीच ठरवते." डॉक्टर झालीस, ऊर भरून येतो माझा. पण कान पिळावासा वाटला. तुझी आई गेली त्यात या यादीचा हात आहे. आणि माझा. हे तुला कोणी सांगितलेलं नाही.

तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. आपल्या गावच्या दवाखान्यात, डॉक्टरांच्या खोलीत उभी आहे मी. दाराबाहेर पेशंटची रांग. डॉक्टर म्हणतात, "वाच. मोठ्याने वाच, सगळ्यांना ऐकू दे."

मी त्या दवाखान्यात झाडलोट करायची. शाळा सातवीपर्यंत. डॉक्टर एका बोटाने टाइप करायचे आणि वैतागायचे. मी बघून बघून शिकले. मग जिल्ह्यातल्या डॉक्टरांच्या यादीवर जाणारी त्यांची पत्रं मीच टाइप करू लागले. एकदा त्यांच्या पत्राखाली माझ्या दोन ओळी घातल्या. साप चावल्यावरचं औषध कुठल्या दवाखान्यात संपलं ते गावोगावच्या आशाताईंनाही कळवावं, नाहीतर पेशंट उलट्या वाटेने फिरतो. खाली नाव. नावाखाली सफाई कामगार. लपवलं काहीच नाही.

त्यावर आलेली उत्तरं मला वाचायला लावली.

"ही यादी व्यावसायिकांसाठी आहे."

"आता झाडूवालीकडून शिकायचं का?"

"तुमच्याकडे फरशी कोण पुसतं मग, डॉक्टर?"

रांग हसली. माझ्याच वाडीतली माणसं. औषधं देणारा खिडकीतून म्हणाला, "मॅडम, माजी नाडी बघा!" मी वाचत गेले. आवाज खणखणीत ठेवला.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "इथलं एक अक्षर बाहेर गेलं तर उद्यापासून यायचं नाही."

मी मान हलवली. तिथेच मेले मी.

चार दिवसांनी आमच्याच दवाखान्यातलं सापाचं औषध संपलं. यादीवर मीच टाइप केलं की साठा नाही, पेशंट थेट कणकवलीला पाठवावेत. जिल्ह्यातल्या सगळ्या डॉक्टरांना कळलं. दवाखान्याच्या कुंपणाबाहेर कोणालाही नाही.

दुसऱ्या दिवशी तुझी आई काजू वेचायला गेली. पाचोळ्यात हात घातला. तू तेव्हा मामाकडे होतीस. तुझ्या बाबांचा फोन दवाखान्यात आला, तो मीच उचलला.

"वैनी, हिका फुरसा चावला. थय घेवन येव काय?"

डॉक्टर समोर बसलेले. माझ्याकडेच बघत होते. माझ्या कानात अजून ती रांग हसत होती.

मी म्हटलं, "या."

एवढंच. तुमच्या वाडीतून दवाखाना समुद्राच्या अंगाला, कणकवली वरच्या अंगाला. रिक्षा आधी खाली आली. डॉक्टर खुर्चीतून न उठता म्हणाले, "कणकवलीला न्या." तेवढीच वाट परत वर. हिरड्यांतून रक्त येत होतं तिच्या, तरी मला म्हणते, "माजी टोपली थयच रवली गो वैनी." तिसऱ्या दिवशी गेली. तुझ्या बाबांनी माझं नाव कधीच घेतलं नाही. घेतलं असतं तर मला झोप आली असती.

मी कामावर गेले तर डॉक्टर म्हणाले, "टाइप कर. नातेवाइकांनी रुग्ण उशिरा आणला."

बोटं ठेवली. उचलली. दवाखान्यात मी कायम शुद्ध बोलायची. त्या दिवशी नाही.

"ह्या मी टाइप करूचंय नाय. उशीर तेंनी केलो नाय. आपण केलो."

बाहेर आले, खडू घेतला, फाटकाच्या फळ्यावर लिहिलं: सापाचं औषध नाही. सरळ कणकवलीला जा. औषधवाल्याने पुसलं. मी परत लिहिलं. काम गेलं. ते वाक्य मग दुसऱ्या कोणाकडून टाइप करून घेतलं. यादीवर अजून असेल. आता चावी तुझ्याकडे आहे ना? शोध.

म्हणतेस, यादीत पेशंटची नावं असतात. खरं आहे. मीही कितीतरी टाइप केली, आजवर ओठांवर आणली नाहीत. ती आतच ठेव. पण म्हणतेस, बंद दाराआड डॉक्टर चुका मोकळेपणी कबूल करतात. अगो, तुझी आई तिथे "उशिरा आणली" म्हणून पडून आहे. ते खोटं आहे असं सांगणारे तुझे बाबा, तो रिक्षावाला, मी. आमच्यातलं एकजण तरी आत होतं का? आणि कपाटात औषध नाही, ही काय कोणाच्या घरची लाज आहे?

टोपली मी नंतर जाऊन आणली. काजूचे बोंडू सडले होते, बिया तशाच आहेत. माळ्यावर ठेवलीय. दुपारी वारा पाचोळ्यातून सरकला की मी वर बघते. बघायचं नाही म्हणते, आणि बघते.

माफी मागत नाही. ती मागून मोकळी होईन, आणि मला मोकळं व्हायचं नाही. हेच पत्र यादीवरच्या प्रत्येक डॉक्टरला जाणार, प्रत्येक आशाताईला जाणार, फळ्याशेजारी चिकटणार. तुझ्या आईचं नाव त्यात नाही, ते तू ठरव. माझं आहे. नावाखाली सफाई कामगार. औषधाचा साठा तू सगळ्यांना दिसेल असा ठेवलास तर उत्तम. नाहीतर मी आजही रोज सकाळी दवाखान्यांना फोन करून फाटकाच्या फळ्यावर लिहिते, ते हात चालेपर्यंत लिहीन. आणि खाली एक ओळ वाढवीन: डॉक्टरांना हे कालच माहीत होतं.

त्या फोननंतर तुमच्या घरातल्या कोणाला मी "या" म्हटलेलं नाही. सणाला नाही, तू डॉक्टर झालीस त्या पेढ्यांच्या दिवशी नाही. आज म्हणते. ये. काजूचे दिवस संपायच्या आत ये. शिव्या द्यायच्या तर समोर बसून दे, आणि जाताना तुझ्या आईची टोपली घेऊन जा.