सरूआक्कांची चाल

सरूआक्का आपल्या डाव्या पायाशी बोलायच्या. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, फोनवर कुणाशी तरी भांडताहेत. फिजिओथेरपीच्या खोलीत दोन दांड्यांच्या मधे त्या उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, मान खाली. "चल गं बये, उचल. लई लाड झालं तुझं," असं म्हणून जिभेने च्यक-च्यक करत होत्या, औताच्या बैलाला करतात तसं. पाय उचलला जायचा, पण टेकताना सगळं अंग एका बाजूला कलायचं. समोरच्या आरशात ते दिसलं की त्या आरशाकडेच रागाने बघायच्या.

मी भिंतीला टेकून माझी पाळी यायची वाट बघत होतो. आक्कांसारखाच माझाही खुबा बदललेला होता, माझा उजवा. चाकणच्या एका कंपनीत लाइनवर उभ्याने काम करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि पन्नाशीच्या आतच खुब्यातलं हाड सुकलं. ऑपरेशन चांगलं झालं. दुखणं गेलं, लंगडणं मात्र मागे राहिलं. कंपनीचं म्हणणं सरळ होतं: नीट चालत या, मग लाइनवर घेऊ.

"कंपनीवाले का तुमी?" माझ्या टी-शर्टाकडे बघून आक्कांनी विचारलं. मी मान हलवली. "मंग तुमाला घाई आसंल. आमाला न्हाई." एवढं बोलून त्या पुन्हा पायाशी बोलायला लागल्या. त्या दिवसापासून मी त्यांचा 'कंपनीवाले भाऊ' झालो.

आक्का पिंपळे सौदागरच्या जुन्या गावातल्या. शेतं होती तिथे आता सोसायट्या उभ्या आहेत, आणि फिजिओथेरपीची ती खोलीही तशाच एका सोसायटीच्या तळमजल्यावर, केकच्या दुकानाशेजारी. व्यायाम घेणाऱ्या नेहा मॅडम वयाने लहान, आवाजाने मऊ, पण ऐकायच्या नाहीत. भिंतीला पाठ लावून एका पायावर उभं करायच्या. कुशीवर झोपवून वरचा पाय उचलायला लावायच्या, मांडी थरथरायला लागली तरी "अजून थोडं" म्हणायच्या. मग चालणं. टाच आधी, बोटं नंतर, कंबर सरळ. मूल वर्षाचं झालं की जे आपोआप करतं, ते आम्ही दोन मोठी माणसं घाम गाळून करत होतो. रोज तेच. काल जमलेलं आज जमायचं नाही.

"सांधा नवा आहे," नेहा मॅडम समजावायच्या, "पण स्नायू दुबळे आहेत, आणि मेंदूला लंगडायची सवय झालीये. ती मोडायला वेळ लागणार."

"म्हंजी घर नवं, भाडेकरू जुनंच," आक्का म्हणाल्या. मॅडमना हसू आवरेना.

लंगडायची सवय त्यांना तरुणपणापासून होती. ऊस भरताना ट्रॉलीवरून पडल्या होत्या. हाडवैद्याने चोळून दिलं, घरच्यांनी चार दिवस झोपू दिलं, आणि पाचव्या दिवशी त्या चुलीपुढे बसल्या. पाय वाकडा पडत होता. सासूने विचारलं, "जमतंय का?" तर त्यांच्याऐवजी नवऱ्यानेच उत्तर दिलं, "चालतंय की."

"त्यो शब्द हाय न्हवं, चालतंय की," आक्का एकदा मला म्हणाल्या, "त्यानं माजा जलम खाल्ला, भाऊ. धुनी, भांडी, गुरं, बाळंतपनं, समदं त्याच पायावर. कुनी इचारलं तर मालक म्हनायचं, चालतंय की. मला कदी कुनी इचारलंच न्हाई, बाई, तुला चालतंय का."

हे सांगताना आवाजात रडं नव्हतं. दळण टाकून आल्यासारखं सांगत होत्या.

पावसाळा सरला तोवर आक्का माझ्या पुढे गेल्या. काठी सुटली. अंग कलायचं थांबलं. दारापासून आरशापर्यंत त्या अशा सरळ यायच्या की नवा माणूस बघून म्हणाला असता, हिला कशाला इथे आणलंय? माझं तसं नव्हतं. सकाळी बरं चालायचो, जरा दमलो की उजवी बाजू खाली जायची. सुट्टी संपत आली होती. घरी बायको मी बाथरूमकडे जाताना माझ्या पायाकडे बघायची, ते मला कळायचं.

अशाच एका संध्याकाळी मी भाजी घ्यायला गावातल्या देवळापाशी गेलो. समोरून आक्का येत होत्या, सोबत सून मनीषा. आणि आक्का लंगडत होत्या! साधंसुधं नाही, पहिल्या दिवशी लंगडत होत्या त्याहून जास्त. हातात काठी, दुसरा हात सुनेच्या खांद्यावर. सकाळीच मी त्यांना सरळ चालताना पाहिलं होतं. आमची नजरानजर झाली. त्यांनी ओळख दाखवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी विचारलंच. "आक्का, काल पडलात की काय?"

त्या बाकावर बसल्या. पदराने मानेचा घाम पुसला.

"न्हाई पडले," त्या म्हणाल्या. "भाऊ, तुमी आसं करा, कुनाला बोलू नका. मला घरात लंगडावं लागतं."

"लागतं म्हणजे?"

"आप्रेशन झाल्यापून सून हातात च्या देती. मालक सोताचं ताट सोता उचलत्यात. पोरगं म्हनतं, आई बस. आवघ्या जलमात मला बस कुनी म्हनलं नव्हतं. आता सरळ चालले, की उद्या म्हनतील, बरी झाली. आन लागंल सुरू, हे आना, ते करा." त्यांनी डाव्या मांडीवर हात ठेवला. "मी दमलीया, भाऊ. पाय न्हाई दमला. मी दमलीया."

मी सरळ चालायचं सोंग तरी वठावं म्हणून मरत होतो, आणि या बाई लंगडायचं सोंग करत होत्या. दोघांनाही भीती होती ती कामाचीच: मला ते जाण्याची, त्यांना ते परत येण्याची.

पण शरीराला सोंग कळत नाही. थोड्याच दिवसांत आक्कांची कंबर धरली. नेहा मॅडमनी दोन-तीनदा चालवून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आक्का, तुम्ही इथे नीट चालता. मग हे दुखणं कुठून आलं? घरी कशा चालता? असंच चाललं तर नव्या सांध्यावरही ताण येईल आणि चांगल्या खुब्यावरही." आक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मी खाली बघितलं.

त्याच आठवड्यात मनीषा त्यांना न्यायला वेळेआधी आली. ती एका ऑफिसात नोकरी करायची, गळ्यात ओळखपत्र तसंच होतं. आक्का आरशाकडे चालत होत्या, सरळ, खांदे मागे, साडीच्या निऱ्या एका लयीत हलत होत्या. आरशात त्यांना सून दिसली आणि त्या मधेच थांबल्या. चेहरा पडला. सवयीने अंग डावीकडे कललं, पण उशीर झाला होता.

मनीषा आत आली, बाकावर माझ्या शेजारी बसली आणि पिशवी मांडीवर ठेवली.

"आई, मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत व्हतं?"

"तुम्ही नीट चालता ते. आठवड्यातले दोन दिवस घरून काम करते ना मी. खोलीतून पावलांचा आवाज येतो. दार उघडलं की बदलतो."

आक्कांनी बाजूची दांडी धरली. "मंग बोलली न्हाईस ती?"

"कशाला बोलू? तुम्ही बसलेल्या दिसलात की बरं वाटायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून तुम्हाला बसलेलं मी बघितलंच नव्हतं." मनीषा त्यांच्याकडे वळली. "पण आई, कंबर मोडून घेऊन नका बसू. नुसत्याच बसा की."

नेहा मॅडम उगाचच वजनाच्या पिशव्या आवरायला लागल्या. आक्का दांडी सोडून दारापर्यंत सरळ चालत गेल्या, घरून आणलेली काठी भिंतीलाच राहिली. मनीषा ती उचलायला वाकली तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. दुसऱ्या कुनाला लागंल."

घरी त्यांनी काय सांगितलं, ते मला त्यांच्याच तोंडून कळलं. मालकांनी जुन्या सवयीने पाण्यासाठी हाक मारली. आक्का सगळ्यांच्या देखत सरळ चालत स्वयंपाकघरात गेल्या, स्वतः पाणी प्यायल्या, बाहेर येऊन खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "पाय बरा झाला माजा. पन आता मी बसनार हाय." मालक तोंडाकडे बघत राहिले. थोड्या वेळाने उठून पाणी घेऊन आले.

माझी वैद्यकीय तपासणी झाली. डॉक्टरांनी व्हरांड्यातून दोनदा चालवलं आणि मान हलवली. कामावर घेतलं, पण लाइनवर नाही, स्टोअरमध्ये. लाइनवरची माझी जागा एव्हाना दुसऱ्या कुणाची तरी झाली होती. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं.

पुढे आक्कांची भेट एकदाच झाली. शिफ्ट सुटून, चाकणच्या रस्त्यावरच्या गर्दीत तासभर अडकून, कंपनीच्या बसमधून मी उतरलो होतो. आक्का त्यांच्या घराच्या फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसल्या होत्या. मला बघून उठल्या, चार पावलं सामोऱ्या आल्या. त्या चालण्यात खोट काढायला जागा नव्हती. मी मात्र लंगडत होतो.

"आक्का, सकाळी बरं असतं," मी ओशाळून म्हणालो. "संध्याकाळ झाली की पाय ऐकत नाही. एवढं शिकलो, सगळं वाया गेलं."

आक्कांनी मला हाताला धरून त्यांच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. समोरच्या रस्त्यावरून माणसं घरी चालली होती. कुणाच्या पाठीवर लॅपटॉपची बॅग, कुणाच्या हातात डबा, एक बाई झोपलेलं पोर खांद्यावर टाकून.

"वाया काय जातंय," त्या म्हणाल्या. "बघा की जरा. सांजच्याला समदेच लंगडत्यात, भाऊ. वाईच बसा."