भीतीपोटी घेतलेली युनिटं

लग्नानंतर मी शहराच्या सदर भागातल्या एका लहान ऑफिसात भाषांतराचं काम धरलं, ते आजवर सुटलं नाही. विम्याच्या अटी, औषधाच्या खोक्यातली माहितीपत्रकं, खताच्या गोणीवरच्या सूचना, हे सगळं इंग्रजीतून मराठीत आणायचं. कोणी फारसं न वाचणारं लेखन, पण मला ते आवडायचं. एका शब्दासाठी अर्धी दुपार घालवली तरी कोणी रागवायचं नाही.

दोनेक वर्षांपूर्वी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, यापुढे पहिला मसुदा मशीन करेल. तुम्ही फक्त तपासून द्या. दर मात्र कमी करावे लागतील." त्यांनी समोरच करून दाखवलं. चहा पिण्याजोगा होण्याआधी चार पानं मराठीत आली होती. मी चुका शोधू लागले. सापडल्याही. पण वाटलं होतं तेवढ्या नव्हत्या.

प्रताप नगरला घरी आले तरी ती पानं डोळ्यांसमोरून हलेनात. नवरा म्हणाला, "कॉम्प्युटर आले तेव्हाही लोक असंच म्हणत होते." मला तेवढ्यानं धीर आला नाही. मी वाचायला लागले. ही यंत्रं बनवणाऱ्या, त्यांना लागणाऱ्या चिप तयार करणाऱ्या परदेशी कंपन्यांचे शेअर एकत्र बांधून त्यांचा एक फंड करतात आणि त्याची युनिटं इथल्या बाजारात शेअरसारखीच विकत मिळतात, हे तेव्हा कळलं. ईटीएफ म्हणतात त्याला. माझं काम ते यंत्र नेणारच असेल, तर यंत्राचा थोडा हिस्सा आपल्या नावावर असलेला बरा, असा विचार मी केला. एक मुदत ठेव मोडली आणि युनिटं घेतली.

तेव्हापासून चैन पडेना. भाव चढला की वाटायचं, म्हणजे यंत्राचं चांगलं चाललंय, आता आपलं काम जाणार. भाव उतरला की ठेव मोडल्याचं दुःख. काय व्हावं अशी इच्छा करायची, तेच कळेना. भाजी निवडताना, बँकेच्या रांगेत, कुकरच्या शिट्ट्या मोजताना मी फोन काढून बघायची आणि परत ठेवायची.

दिवाळीला ताईकडे गेले. ताई माझी थोरली बहीण, काटोलकडे राहते. भाऊजी गेल्यापासून शेती तीच पाहते. मुलगा पुण्याला असतो. रस्ता रुंद करताना तिची धुऱ्याकडची, शेताच्या बांधालगतची पट्टी गेली आणि त्याचा मोबदला तिच्या खात्यात आला होता. मी पुन्हा पुन्हा फोन बघते हे तिच्या ध्यानात आलं.

"काय पाहून राहिली वं सारखी?"

मी सगळं सांगितलं. ती मन लावून ऐकत राहिली. मग म्हणाली, "मले बी घेऊन दे थोडं."

"नको ताई. मी काही समजून घेतलं नाही. घाबरून घेतलं."

"मंग मी काहून नाही घेऊ? तू शिकलेली म्हणून तुले चालते, अन् मले नाही?"

ती हे रागानं म्हणाली नाही, पण लगेच उठून ताटं घ्यायला गेली. मी कॉलेजात असताना हिनंच आपल्या सासरहून मला दर महिन्याला धान्य पाठवलं होतं. तिला कोणत्या तोंडानं नाही म्हणणार?

घ्यायच्या आधी मात्र मी तिला एक गोष्ट नीट सांगितली. परदेशात पैसे गुंतवायला फंडांना मर्यादा असते. ती भरली की नवी युनिटं निघत नाहीत, आणि घेणारे जास्त झाले की आतल्या शेअरच्या किमतीपेक्षा युनिटचा भाव पुढे जातो. तेव्हा तसंच झालं होतं.

"म्हणजे आतल्या मालाहून जास्त पैसे द्यायचे?"

"हो."

"मंग थांबू."

आम्ही थांबलो. फरक कमी झाल्यावर तिच्या मोबदल्यातला लहानसा भाग घातला. तिच्याच फोनवर, तिच्याच बोटानं. ती खूश होती. मला मात्र आता दोघींची काळजी.

हिवाळा सरता सरता भाव कोसळले. या कंपन्या एवढा खर्च करतात तो वसूल कधी होणार, असं बाजार विचारू लागला होता. रोज लाल आकडे. ताईचा फोन येईना. मीच करायची. आम्ही गव्हाबद्दल बोलायचो, रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, हरभरा खाल्ला त्याबद्दल बोलायचो, फंडाबद्दल दोघीही नाही. फोन ठेवल्यावर विचार सुरू व्हायचा. तिनं भाव पाहिले असतील का? पाहून गप्प बसली असेल का? एका रविवारी राहवेना, तेव्हा सकाळचीच बस धरली.

ती अंगणात तूर पाखडत होती. मी बसता बसताच म्हटलं, "ताई, आपल्या त्या युनिटांचं..."

"मी विकून टाकली," ती म्हणाली. सूप हलतच होतं.

"कधी?"

"मागच्या महिन्यात. पोराले विचारून विकली."

"तोटा झाला असेल."

"झाला. माहा मी सोसला."

"मला का नाही सांगितलं?"

तिनं सूप खाली ठेवलं. "तू फोन करे, तं तुहा आवाज असा राहे जसं घरात कोणी बिमार आहे. म्हटलं, हे माह्या नावावर आहे तोवर ही पोरगी जेवणार नाही धड. अन् लगेच सांगतलं असतं, तं तोट्याचं घेऊन बसली असती तू. पैशाचं मले तेवढं नाही वाटलं वं."

 मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि जेवायला काय करू म्हणून विचारलं. दुपारी आम्ही तुरीच्या दाण्यांची आमटी खाल्ली. परत येताना तिनं पिशवीभर संत्री दिली.

पुढे भाव वर आले. ताईनं विकलं त्याच्याही वर गेले. तिच्यापासून हे लपवावं असं फार वाटलं, पण माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाकडून कळलं तर, ही भीती मोठी ठरली. मी फोन करून सांगितलं.

"असू दे," ती म्हणाली. "तुही युनिटं आहेत ना अजून?"

"आहेत."

"अन् काम?"

एका औषधाच्या पत्रकाचं यंत्रानं केलेलं मराठी माझ्यापुढे तपासायला पडलं होतं. बरंच नीट होतं.

"आहे," मी म्हटलं. "या महिन्याचं तरी आहे."