मशीनने लावलेली एकवीस वर्षं

"सर, परत लाल आलं," सुवर्णा म्हणाली. तिच्या बिलिंग काउंटरसमोर एकोणीस वर्षांचा एक मुलगा आधार कार्ड धरून उभा होता. मागे सात-आठ गिऱ्हाइकं भरल्या ट्रॉल्या घेऊन ताटकळली होती.

मी तेव्हा बोरिवलीतल्या एका सुपरमार्केटचा स्टोअर मॅनेजर होतो. सिगारेटचं कपाट सुवर्णाच्याच काउंटरमागे होतं. पाकीट स्कॅन केलं की मशीन गिऱ्हाइकाची जन्मतारीख विचारतं. वय कमी भरलं तर स्क्रीन लाल होते आणि बिल पुढे सरकत नाही. आपल्याकडे कायद्याने मर्यादा अठराची. त्या दिवशी मशीन मात्र एकवीसच्या खाली कोणालाच सोडत नव्हतं.

"कायदा अठराचा आहे ना, अंकल?" मुलगा म्हणाला. आवाज शांत होता, पण मोबाइलवर व्हिडिओ चालू होता. "मी मत देऊ शकतो आणि पाकीट घेऊ शकत नाही? कुठे लिहिलंय, दाखवा."

कुठेच लिहिलं नव्हतं. मी एरिया मॅनेजर कामत साहेबांना स्पीकरवर फोन लावला. त्यांना कारण आधीच कळलं होतं. दुसऱ्या एका राज्यात मर्यादा एकवीस झाली होती. तिथल्या स्टोअर्सची सेटिंग सकाळच्या अपडेटमध्ये चुकून आमच्याकडे आली होती.

"ओव्हरराइड करा, त्याला मोकळं करा," साहेब म्हणाले. "आणि आयटीला मेल टाका."

ओव्हरराइड म्हणजे मॅनेजरने स्वतःचं कार्ड घासून मशीनचा नकार मोडायचा. मी कार्ड काढलं. सुवर्णाने मशीनच्या कार्डाच्या खाचेवर हात ठेवला. बारा वर्षांत तिने मला कधी अडवलं नव्हतं.

"याला द्या हवं तर. पण मेल नका टाकू, सर," ती हळूच म्हणाली. "माझ्या केतनला मागच्या महिन्यात अठरा पूर्ण झाली. हायवेपलीकडच्या कॉलेजात आहे."

"अगं, स्टेशनबाहेर कोणालाही सुटी सिगारेट मिळते."

"माहितीये. पण त्याच्या मित्रांना मला तरी माझ्या हाताने द्यावी लागणार नाही."

मागून कोणीतरी ट्रॉली आपटली. मुलाचा मोबाइल आता माझ्याकडे वळला होता.

"हात काढ, सुवर्णा."

तिने काढला. मी कार्ड घासलं. मुलगा थँक यू म्हणून गेला.

केबिनमध्ये मी मेल लिहिला आणि अर्धा तास तसाच ठेवला. सकाळपासून मशीनने परत पाठवलेल्यांची यादी समोर होती. बहुतेक जन्मतारखा केतनच्या आगेमागेच्या. मेल दाबून ठेवणं सोपं होतं. पण प्रत्येक नकार सुवर्णाच्या लॉगिनवर नोंदला जात होता. उद्या एखादी तक्रार वर गेली असती, तर पहिला मेमो तिला मिळाला असता. मी मेल पाठवला.

दहा मिनिटांत मर्यादा अठरावर आली.

दुसऱ्या दिवशी सुवर्णाने काउंटर बदलून मागितला. मी तिला भाजीच्या वजनकाट्यावर दिलं. कित्येक दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिला मेमो मिळू नये म्हणून मेल टाकला, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

चुकून लागलेला नियम चूक म्हणूनच निघतो, मग तो कितीही बरा असो. तो टिकवायचा तर कोणीतरी त्यावर सही करावी लागते. माझी सही फक्त त्या मेलखाली होती.